चुकीच्या घरावरची पाटी

पाहुणे आले की मी त्यांना वरच्या अंगाला पाठवतो.
छप्पर उडालेलं घर, धुराड्यात कावळे,
उंबऱ्यात आग्याचं रान.
कौन्सिलनं पितळी पाटी तिथंच ठोकली:
कॉर्मॅक गेराटी, जुन्या चालींचा संग्राहक,
इथे जन्मला.
जन्मला नाही.
तिथं स्वीनींच्या मेंढ्या जन्मायच्या.
पण मागं डोंगर येतो, फोटो बरा दिसतो.

खरं घर माझ्या वासरांच्या पायाखाली आहे.
भिंतीचे दगड आजोबांनी गोठ्याला वापरले,
चुलीपुढची फरशी तेवढी राहिली.
थंडीत वासरं नेमकी तिच्यावर बसतात,
जुनी ऊब शोधत असतील,
किंवा तिथं गळत नाही, एवढंच.

शाळेत आता डब्लिनचा कुणी दातांचा डॉक्टर
सुट्टीला येऊन राहतो.
चौरस्त्यावरचा रविवारचा नाच
आधी पाद्र्यानं काठीनं मोडला,
मग रस्तेखात्यानं डांबरानं.
हे सगळं मी सांगतो, विचारलं तर.
एक जागा सांगत नाही.

खालच्या शेतात दगडी कुंपणाला खिंडार आहे.
नऊ वर्षांचा कॉर्मॅक विहिरीवरून येताना
तिथं थांबायचा,
कारण पलीकडे माझी पणजी ओनोरा स्कॅहिल
धार काढता काढता गुणगुणायची.
शब्द नाहीत, नुसतं डिडल-डी डाय-डी,
चरवीत पडणाऱ्या दुधाच्या ठेक्यावर.
बादल्यांच्या कड्या त्याच्या बोटांत रुतायच्या.
खाली ठेवायचा नाही.
आवाज झाला तर ती गप्प होईल.

पुढं तो लिव्हरपूलच्या गोदीत कारकून झाला,
म्हातारपणी पुस्तक छापलं.
एकशे बाराव्या पानावर ती चाल आहे, वर लिहिलंय:
शेजारच्या एका बाईकडून.

एका बाईकडून.

आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी दोन मात्रा कोऱ्या.
विद्वान म्हणतात, छापखान्याची चूक.
परवा गॉलवेची एक पोरगी फिडल घेऊन आली होती,
तिनं तिथं स्वतःचं काहीतरी भरलं.
छान होतं. मी काही बोललो नाही.

आमच्या घरात ठाऊक आहे:
त्या जागी गाय लाथ झाडायची,
ओनोरा तिला एक सणसणीत शिवी हासडायची
आणि श्वास न मोडता पुढची ओळ घ्यायची.
रोज, तिथंच.
गायीलाही चाल पाठ होती म्हणा.
आता शिवी लिहायची कुठल्या स्वरात?
पोरानं जागा सोडली, खोटं भरलं नाही,
एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं.
तिचं नावही कोरंच सोडलं,
ते मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही.

बायको म्हणते, खिंडार बुजव, मेंढ्या निसटतात.
दर वसंतात मी तार घेऊन खाली जातो,
बांधतो.
सैलच बांधतो.