सात खणांची डबी

रविवारी दहाची मिस्सा सुटली की
देवळामागच्या हॉलात आम्ही दोघं
लग्न ठरलेल्या पोरापोरींना प्रेम शिकवतो.
सत्तावीस वर्षं. फुकट. वर चहा आणि खारी.

आज सहा जोडपी आहेत.
कोळे-कल्याणची, मरोळची, एक पार ओर्लेमहून आलेलं,
आणि जेनिटाशेजारी एक ओंकार.
कपाळाचं गंध त्यानं बहुधा वाटेत पुसलंय,
थोडं राहिलंय भुवईपाशी.

फळा माझ्याकडे असतो.
मी लिहितो: करार.
त्याच्यासमोर लिहितो: संस्कार.
करारात, मी म्हणतो, दोन्ही बाजू मोजत बसतात.
संस्कारात मोजपट्टीच हरवते.
हे वाक्य दरवर्षी चांगलं जातं.
पोरी लिहून घेतात.

सेराफिन खिडकीपाशी.
तिचा भाग माझ्यानंतर: क्षमा.
गुरुवारपासून ती माझ्याशी बोललेली नाही.

गुरुवारी मी तिच्या बापाची आरामखुर्ची
भंगारवाल्याला दिली. तीनशे वीस रुपये.
वेत फाटलेला, एक हात डुगडुगता,
बारा वर्षं कोणी बसलं नव्हतं तिच्यात
असं मला वाटायचं.
दुपारी मी प्रेसवर असताना
कोण बसतं,
ते मी कधी विचारलं नव्हतं.

ओंकार हात वर करतो.
"सर, तुमच्यात सुटका नाही म्हणतात.
दार एकदा लागलं की लागलं.
भीती नाही वाटत?"

माझ्याकडे उत्तर आहे. छापील, फादर लेस्लींनी तपासलेलं.
त्यात उंबराचं पाणी आहे:
लग्नाआधी बँड लावून बायका
गावठाणाच्या विहिरीवर जातात पाणी आणायला.
विहिरीवर आता पालिकेची जाळी,
तरी जातात, घागर बुडवल्यासारखी करतात,
आणि नळाचं पाणी विहिरीचं मानून
नवरीला न्हाऊ घालतात.
तसंच हे, असं म्हणायचं. मानण्यावर उभं.
मी घसा खाकरतो.

"वाटते," खिडकीतून आवाज.
तीन दिवसांनी ऐकलेला.

"वाटते रे बाळा.
ह्या माणसाशी मी अबोला धरलाय,
अजून धरणार आहे.
काल रात्री ह्याची औषधाची डबी भरायला बसले.
सात खण. सकाळची पांढरी, रात्रीची अर्धी गुलाबी.
बुधवारपाशी हात थांबला.
म्हटलं, तोवर राग राहिला तर?
राहिला तर राहिला,
म्हणून ह्याचं प्रेशर थांबणार आहे का?
भरली. रविवारपर्यंत भरली.
दाराचं फादरांना विचार.
मला एवढंच येतं."

हे कोणी लिहून घेतलं नाही.
जेनिटा बशीतला खारीचा चुरा
बोटाला चिकटवत राहिली.
ओंकारनं बशी तिच्याकडे जराशी सरकवली.
मी डस्टर शोधत होतो, ते हातातच होतं.

घरी येताना ती चार पावलं पुढे.
गल्लीच्या क्रुसापाशी थांबली, मेणबत्ती लावली,
वाऱ्यात दोनदा विझली, तिसऱ्यांदा लावली,
आणि ज्योतीकडे बघतच म्हणाली,
"खुर्ची आण."

क्षमेच्या भागात
हे वाक्य नाही.

सोमवारी पांढरी गोळी घेऊन
मी सीएसटी रोडवर, भंगाराच्या चौथ्या दुकानात.
मागच्या अंगाला आरामखुर्च्या, एकावर एक अकरा,
सगळ्यांचे वेत फाटलेले,
सगळ्यांचा एकेक हात डुगडुगता.
पोऱ्या विचारतो, "चाचा, कौनसी?"

मी एकेक उतरवून घेतो
आणि बसून बघतो.
सासऱ्याची पाठ मला आठवत नाही.
तिच्या दुपारींचा खळगा
कुठे लागतोय का,
ते बघतो.
ही नाही.
ही पण नाही.
पुढची दे.