दहा ग्रॅम

मे महिन्यात अमळनेरला कुणी मॉडेल जोडायला घेऊ नये.
पातळ गोंद कुंचल्यावरच सुकतो,
आणि कूलर लावला तर चाकाचं झाकण,
तांदळाएवढं,
उडून माठाखाली जातं.
मी चिमटा दातात धरून फरशीवर ओणवी
आणि नाना पलंगावरून : "डावीकडे. अजून डावीकडे."
त्यांना दिसत नाही. तरी सांगतात.

बहात्तरास एक. कॅनबेरा.
खोक्यावरच्या चित्रात ढग आहेत, ओले, परदेशी.
नानांनी अकरा वर्षं या विमानाच्या पोटाखाली काढली,
रिगर हिलाल पाटील,
आणि एकदाही आत बसून उडाले नाहीत.
"बैलाला नाल ठोकणारा काय बैलावर बसतो?"
हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

पंख चिकटवून कपड्यांच्या चिमट्यांत दाबले.
फट पुट्टीने भरली,
बाराशेच्या कागदाने पाण्यात घासली.
नाना सांध्यावरून बोट फिरवतात,
नख अडतं का बघतात.
अडतं.
पुन्हा घास.

मग सूचना : नाकात दहा ग्रॅम वजन घाला,
नाहीतर विमान शेपटीवर बसेल.
बॅटरीवाल्याकडचं शिसं घेऊन
मी ओस्तवालांच्या पेढीवर गेले.
त्यांनी ते सोन्याच्या काट्यावर ठेवलं,
काचेची दारं ओढून, श्वास धरून.
दहा ग्रॅम चाळीस मिली.
"वरचे चाळीस तुला माफ," म्हणाले.
"घडणावळ पण नको."

शिसं बसवायला नाक हातात घेतलं
तेव्हा नाना म्हणाले, इथं माणूस पालथा झोपायचा,
काचेतून खाली बघत.
नाव नाही सांगितलं.
उंची सांगितली.
उतरला की चहात पाव बुडवून खायचा,
ग्लासात चुरा राहायचा त्याच्या.
एका पहाटे मी चहावर बशी झाकून ठेवली होती,
एवढं म्हणाले
आणि पाणी मागितलं.

शेवटी पोटाची दारं.
कागदावर दोन्ही चित्रं : उघडी, मिटलेली.
आधी ठरवा, मग चिकटवा.
सहा बॉम्ब अजून फांदीलाच,
वेलाच्या शेंगांसारखे.
गल्लीतून केळीवाला ओरडत गेला,
परत आला, पुन्हा गेला.
मग अहिराणीत,
जी ते फक्त आईशी बोलायचे, आई होती तेव्हा :
"लाई दे, माय."

लावली.
एक दार केसभर वर राहिलं.
नानांनी बोट फिरवलं, नख अडलं,
काही म्हणाले नाहीत.

विमान आता फ्रिजवर आहे, तीन चाकांवर नीट उभं.
फ्रिज सुरू झाला की जरासं थरथरतं.
बॉम्ब मी टाकले नाहीत,
सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवले.
काल नानांच्या सदऱ्याचं बटण शोधताना
आधी एक तोच हाताला लागला.