किलोवर

कोनापुरेंच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली
ती सहा वर्षं उभी आहे.
दोन दारं, दोन सीटा, नाक जमिनीला टेकलेलं.
रंग एके काळी लाल,
आता उन्हानं त्याची जुनी वीट केलीय.

बसलिंगअण्णा म्हणाला, एक नव्वद. शेवटचं.
मी नुसता टायर दाबत राहिलो.
माझ्याकडं एक लाख ब्याण्णव हजार आहेत हे
त्याला कुणी सांगितलं असेल?
चार माग गेले दिवाळीआधी, भंगारात.
गॅसनं कापले. मी धोटे तेवढे काढून घेतले.
काटा खाली गेला, वर आला,
आणि पस्तीस वर्षं एका चिठ्ठीवर मावली,
पेन्सिलनं.

तेव्हापासून मला सगळंच किलोवर दिसतं.
ही साडेआठशे किलो. तीसचा भाव धरला
तर पंचवीस हजार पाचशे.
उरलेले एक लाख चौसष्ट हजार पाचशे
कशाचे?
लोखंडाचे नाहीत, एवढं नक्की.

इसाक मिस्त्रीनं बॉनेटखाली वाकून
आधी नुसता वास घेतला.
"गॅस्केट जायला आलंय. गेलंच समजा.
बनवणारी कंपनी बुडाली, उस्ताद.
पार्ट मागवायचा कुठनं? वरनं?"
आणि बोट आभाळाकडं.
शिवाय पासिंगला उरलेत अकरा महिने,
शिवाय वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं,
शिवाय तिच्या पोटाखालनं मांजर गेलं तर
ते पोट आत घेऊनच जाईल,
आणि आमच्या गल्लीत ज्यानं त्यानं दारापुढं
सिमेंटचा नवस फेडावा तसा
स्पीडब्रेकर घातलाय.
मे महिन्यात इथं माणसाचं पाणी उकळतं.
पाचव्या दिवशी येणारा नळ
मी काय रेडिएटरला पाजू?

हे सगळं मला कळतं.
कळतं म्हणूनच पहाटे पाचला चावी मागून घेतली.

अक्कलकोट रोडला दिवे संपले तिथं
मी पाय दाबला.
आधी खोकली. मग तिनं जो सूर धरला
तो मला पाठीच्या कण्यातनं ऐकू आला
(कानांचं विचारू नका, कान मागांनी खाल्ले).
ऐंशी. पंच्याऐंशी. डावं दार थरथरत होतं
साचा लावताना हात थरथरायचा तसं.
एवढ्या वयात मी कुठंच
वेळेआधी पोचलो नव्हतो.

वळसंगच्या अलीकडं ती बंद पडली.
एकदम. लाईट गेल्यावर कारखाना पडायचा तशी.
एक म्हैस थांबून बघत होती.
मोबाईलच्या उजेडात बॉनेट उघडलं
आणि खरं सांगतो, मी शोधलंच नाही काही;
हात आपला आपण गेला,
सुटलेल्या वायरीवर जाऊन थांबला.
तुटलेल्या धाग्याला मारतात ती गाठ मारली.
चावी फिरवली.

धोका इथं आहे.
ती बंद पडली यात नाही,
ती माझ्या हातानं चालू झाली यात.

घरी आलो तेव्हा विजयालक्ष्मी बॅरल भरत होती,
आज नळाचा दिवस.
हाताचं ऑईल बघून तिनं काय ते ओळखलं.
मी किलोचा हिशेब सांगितला, गॅस्केटचा सांगितला,
कापसाच्या भावासारखा, कोरडा.
म्हशीचं सांगितलं नाही.

"किती जण बसतात?"
"दोन."
"मग ढकलायचं कुणी?"

पाईप दुसऱ्या बॅरलमध्ये टाकून
ती पाण्याचा आवाज ऐकत राहिली थोडा वेळ.
मग म्हणाली,
"छत उघडतं का ओ तिचं?"