खांदेपालट

नारिनच्या बाजारात एक गल्ली आहे,
जिथं नाल, खिळे आणि सुक्या दह्याचे गोळे
एकाच फळीवर विकायला मांडतात.
तिथं मी मानेचं दुखणं घेऊन गेले
खोगीर शिवणाऱ्या असानकुलकडे.

त्याआधी सगळं करून झालं होतं.
कॅमेऱ्याच्या खोक्यातून आलेला पट्टा,
अरुंद, काळा, वर कंपनीचं नाव पिवळ्या अक्षरांत,
जणू मलाच विकायला काढलंय.
मग रबरी, जो जुलैत गळ्याला जळूसारखा चिकटायचा.
मग बिश्केकहून मागवलेली चामड्याची जोडी,
दोन्ही खांद्यांवरून जाणारी, भपका जनरलचा;
एका लग्नात तिच्या बकलात नवरीची ओढणी अडकली
आणि अख्खं वऱ्हाड पोट धरून हसलं.
मग छातीवर आवळायचा एक,
जो बेतणाऱ्याला बायकांना छाती असते
हे कुणी सांगितलेलं नसावं.

बावीस वर्षं.
शाळेचे वर्ग, सुंतेच्या मेजवान्या,
ओळखपत्रासाठी पांढऱ्या चादरीपुढे
टोपी काढून बसलेले मेंढपाळ.
मान मोडून काम केलं, म्हणतो आपण सहज.
माझी खरंच मोडायला आली होती.

असानकुलनं कॅमेरा हातावर तोलला,
कोंबडी घेताना तोलतात तसा.
"भिंगासकट दोन किलोला थोडा कमी," म्हणाला,
आणि मग, "पाठ कर."
"मापं घेताय?"
"मापं नंतर. आधी बघू दे कुठं काचलंय."

घोडं बोलत नाही, तो म्हणाला.
खोगीर चुकलं की कातडी सोलते, मग भरतेही,
पण तिथं केस उगवतात ते पांढरे.
काळ्या घोड्याच्या पाठीवर पांढरा डाग दिसला
तर समजावं,
कुणीतरी घाईनं शिवलं होतं
आणि कुणीतरी न बघता बसलं होतं.

माझा रुमाल बाजूला करून
तो बराच वेळ गप्प राहिला.

मला माझे वडील आठवले.
सामूहिक शेताच्या वार्तापत्राचे छायाचित्रकार,
गळ्यात झेनिट, त्याला बुटाच्या नाडीएवढा पट्टा.
ते गेले तेव्हा आंघोळ घालणारी माणसं
तंबूतून बाहेर आली आणि हळूच विचारू लागली:
यांच्या गळ्याला कधी दोर लागला होता का?
आई म्हणाली, नाही, नोकरी होती.

नऊ दिवस लागले शिवायला.
आत लोकरीचा नमदा, वर बैलाचं कातडं,
मानेला त्यानं हातच लावू दिला नाही.
सगळं ओझं दोन्ही पाखांवर, पाठीच्या रुंदीवर,
आणि काखेखालून एक तंग,
कॅमेरा उजव्या कुशीला, हात टाकला की हाताशी.
तंग ओढता ओढता थांबला, म्हणाला,
"घोडंही असंच करतं. पोट फुगवून उभं राहतं.
श्वास सोड, कालबूबू."

मला माहीत नव्हतं मी धरून ठेवलाय.
सोडला.
पट्टा दोन भोकं आत गेला.

पैसे त्यानं घोड्याचेच लावले, एक सोमही सोडला नाही.

देशात खांदेपालट मी पुष्कळ पाहिले,
दर वेळी नवा चेहरा, तोच चौक, तेच माझं भिंग.
माझ्या स्वतःच्या खांद्यांपर्यंत पोचलेला हा पहिलाच.

परवा सोंगकोलच्या चढावर, तिसऱ्या तासाला,
एकदम धस्स झालं:
कॅमेरा कुठंय?
मागे धावणार होते, वाटेत पडला असेल म्हणून.
कुशीला होता. गार, गप्प, आपल्या जागी.

रात्री दोन आरसे समोरासमोर धरून
मी मानेमागे बघितलं.
मोजायला घेतले,
सतरापर्यंत मोजले,
मग हात अवघडला.