मराठी प्रत

करार इंग्रजीतच झाला होता.
माझ्याकडे आला शुक्रवारी चार वाजता, सोमवारी सह्या.
कलिन्याच्या त्या इमारतीत भाषांतराला खोली नाही,
झेरॉक्सशेजारी एक टेबल आहे
आणि त्याच्या आखूड पायाखाली जुन्या प्रश्नपत्रिकांची घडी.

विद्यापीठ, महापालिका, रंग बनवणारी एक कंपनी,
आणि चौथ्या रकान्यात, बारीक अक्षरांत, 'समुदाय'.
स्टेकहोल्डर. कोश म्हणतो: हितसंबंधी.
मराठीत हितसंबंधी म्हटलं
की माणूस आधी स्वतःचा खिसा चाचपतो.
मी भागीदार लिहिलं. खोडलं.
भाग कुणाला किती, ते तर कुठेच नव्हतं.

सोमवारी माहूलला, बर्फाच्या गोदामावरच्या
मच्छीमार सोसायटीत, फायबरच्या सहा खुर्च्या.
चांगुणाबाई वैती म्हणाल्या, चष्मा नाय आनला, तूच वाच.
मी वाचलं: दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी
खाडीच्या पाण्याचे नमुने घेण्यात येतील.
त्या हसल्या.
"खारीला सोमवार ठाव नाय, पोरी.
अष्टमीला भांग, पुनवेला उधान.
भांगेला भरशील त पानी बसलेला,
उधानाला भरशील त सगला धुतलेला.
तुला कंचा खरा पायजे?"

तन्वीर मुकादम, पीएचडीचं दुसरं वर्ष,
पोटऱ्यांवर सुकलेला चिखल,
यानं तिथेच वहीत नवा रकाना आखला: तिथी.
सर म्हणाले, जर्नलवाले हे छापणार नाहीत.
चंद्राची कला लिहू ना, सर.
तेवढ्यानं पंचांगाला व्हिसा मिळाला.

मग चांगुणाबाई माझ्याकडे वळल्या.
"पानी आमचा. बाटली तुमची. आनि आकरा कोनाचा?"
त्यांच्या बोलीत ड चा र होतो.
मला ऐकू आलं अकरा.
मी पानं उलटून अकरावं कलम काढलं
आणि उत्तर नेमकं तिथेच होतं:
सर्व निष्कर्ष गोपनीय, प्रायोजकाच्या लेखी संमतीविना
कोणत्याही स्वरूपात प्रसिद्ध करता येणार नाहीत.
मी मोठ्यानं वाचलं.
कंपनीचे साहेब पंख्याकडे बघत राहिले.
उपायुक्तांना तेवढ्यात फोन आला.
सह्या आठवडाभर पुढे गेल्या.

त्या आठवड्यात मी कलम अकराखाली, फक्त मराठी प्रतीत,
एक ओळ घातली:
'आकडे मात्र सोसायटीच्या फळ्यावर लिहिले जातील.'
याला भाषांतर म्हणत नाहीत.
मुळात नाही ते लिहू नये, हे मीच शिकवते
बीएच्या मुलांना, तासिका तत्त्वावर.

सह्या झाल्या. तीन सर्रकन,
चौथी सावकाश, वैतीतली वेलांटी अगदी शेवटी.
फोटो निघाले. मराठी प्रत
कुणीच उघडली नाही.

आता भांगेला एकदा, उधाणाला एकदा,
फळ्यावर बोय नि कोलंबीच्या भावाखाली
तन्वीर खडूनं लिहितो:
शिसं. क्रोमियम. विरघळलेला प्राणवायू.
बायका टोपल्या टेकवून वाचतात.
एकजण म्हणाली, क्रोमियमला बरा भाव आलाय गो,
आणि कुणी हसलं नाही.
दुसऱ्या दिवशी त्या नाल्याच्या तोंडाशी
निवट्या धरायला कुणी उतरलं नाही.

काल कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं.
कलम सव्वीस: मतभेद झाल्यास
इंग्रजी प्रतच ग्राह्य धरण्यात येईल.
हे वाक्यही माझंच. शब्दाला शब्द, इमानदारीत केलेलं.
फळा पंधरा दिवसांत पुसावा, असं ते म्हणतात.

पत्र इंग्रजीत आहे. चांगुणाबाईंचा फोन आला:
"याचा मराठी तूच कर.
घाई नाय.
आज कुठं अष्टमी,
पुनव होऊ दे."

मी कोश काढलाय.
पहिला शब्द: 'महोदया'.
त्यावर विचार चालू आहे.