भेरूघाट, दुसऱ्या गियरमध्ये

आत्याने हेरल्ड घेतली एकोणसत्तर साली.
मिलचे विणाई मास्तर नागपूरला चालले होते,
आणि त्यांच्या बायकोने बजावलं होतं,
एक तर ही गाडी येईल, नाहीतर मी.
साडेसहा हजार. शाळेच्या फंडातून काढलेले.
रामबागेत तेव्हा बाईची सायकलसुद्धा बातमी होती.
आजोबा आठवडाभर बोलले नाहीत,
मग एका सकाळी सोगा सावरत मागे येऊन बसले:
"राजवाड्यापर्यंत. हळू."

मद्रासहून आलेली, पांढरी, छत निळं,
तुकड्यातुकड्यांत बोल्टांनी आवळलेली,
त्यामुळे खडखड हा तिचा स्वभाव, आजार नव्हे.
बॉनेट उघडलं की मडगार्डांसकट
अख्खं तोंड पुढे झुकायचं, नमस्कार केल्यासारखं,
आणि आत सगळं उघडं:
सोलेक्सचा कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटरची काळी टोपी,
चार वायरी, ज्यांचा क्रम आत्याला
पाढ्यासारखा पाठ: एक, तीन, चार, दोन.

सियागंजचा गेंदालाल मिस्त्री पुढच्या टायरवर बसून चहा प्यायचा
आणि तिथूनच शिकवायचा.
मी आठ वर्षांचा. विचारलं, वळताना दोन चाकं भांडत नाहीत?
तो उठला. माझं बोट धरलं.
टांगास्टँडच्या त्या खांबाभोवती मला आतल्या बाजूने फिरवलं,
मी लुटुलुटु, तो ढांगा टाकत.
"बोट छूटा क्या? नहीं ना. बस, इसी का नाम डिफरन्शियल."
पुढे मी इंजिनियरिंगला गेलो, तीच गोष्ट
आकृती काढून सोळा मार्कांना लिहिली.
बारा मिळाले.

वळायची मात्र ती!
पंचवीस फुटांत पुरी गिरकी.
आमच्या बोळात टांगेवाले घोडा थोपवून बघायचे,
बाई आता अडकणार, आता अडकणार,
आणि आत्या काचेतून हात बाहेर काढून
दुधवाल्याला बाजूला हो म्हणत
निघालेली असायची.

एकदा चोरलहून नव्हे, चोरलकडे जाताना
(ती मला अजून दुरुस्त करते)
भेरूघाटात ब्रेक गेले.
पायाखाली नुसता पोकळ धक्का.
आई मागे रामरक्षा म्हणू लागली, मधलीच ओवी, सुरुवात सापडेना.
आत्याने तिसऱ्यातून दुसऱ्यात ओढलं,
इंजिन असं ओरडलं की डोंगरातली माकडं पळाली,
आणि गाडी, हट्टी मुलगी बसकण मारते तशी, मागे मागे होत गेली.
खाली, मारुतीच्या पारापाशी, खडीच्या ढिगात नाक खुपसून थांबली.
आत्या उतरली, पदराने हात पुसले.
हात थरथरत होते ते मी पाहिलं, कुणाला सांगितलं नाही.
गेंदालाल नंतर म्हणाला, जो खींचता है, वही रोकता है, बाईसाब,
पेट्रोल मत दो, फिर देखो कैसे थामता है.

हेरल्ड पंच्याऐंशीत गेली.
स्प्रिंगचं पान मोडलं, मिळेना.
तिचा एक हेडलाइट आमच्या देवघराच्या वरच्या फळीवर आहे,
का आहे ते कुणी विचारत नाही.

परवा माझ्या नव्या गाडीत आत्याला चोरलला नेलं.
वय शहाऐंशी. गाडीला आवाज नाही, म्हणून ती दोनदा म्हणाली,
"चालू केलीस का?"
पलासियाच्या सिग्नलला तिचा डावा पाय
चटईत काहीतरी दाबत होता.
घाट लागला. तिने कानोसा घेतला.
"दुसऱ्यात टाक."
यात दुसरा नाही, आत्या. पहिलाही नाही.
"मग उतारावर धरतं कोण?"
मी सांगितलं: पाय उचलला की मोटरच उलटी राबते,
चाकांना धरून ठेवते,
आणि जे अडवलं त्याची वीज करून परत बॅटरीत टाकते.

दोन वळणं ती गप्प होती.
मग काच खाली केली, सागाचा वास आत आला.
"म्हणजे गेंदालालचंच की.
फक्त याला हिशेब ठेवता येतो."
आणि हात बाहेर काढून
मागच्या ट्रकला खुणावलं,
जा बाबा, तू पुढे जा.