परसदारचा खिळा

'नगरपालीका'ची दीर्घ वेलांटी मी ऱ्हस्व केली,
रात्री पावणेबाराला, ग्रिम्सबीत,
हीटरवर मोजे वाळत घालून.
एक काढली, एक लावली.
इतिहासात नोंद पडली: शून्य बदल.

अशी माझी तीन हजार चारशे कामं.
परभणीहून ताई विचारते, पैसे किती देतात?
मग स्वतःच म्हणते, लष्कराच्या भाकऱ्या.
असतील.
दिवसभर औषधांच्या दुकानात
मी लोकांच्या गोळ्या मोजते.
तिथे एक चुकली तर माणूस जातं.
इथे एक सुधारली तर कुणाला कळतही नाही,
आणि त्यावर मला झोप लागते.

शेजारच्या डोरीन ब्लँचर्डच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या
मीच घरी पोचवते. वय सत्त्याऐंशी.
चहात दूध आधी घालते, मला न विचारता.
तिला म्हटलं, तुमच्या गावाबद्दल माझ्या भाषेत लिहितेय:
गोदी, मासे, बर्फाचा कारखाना,
किती बोटी, किती टन, कधी संपलं सगळं.
"आणि जाळी?"
जाळी कारखान्यात होत, मी वाचून दाखवलं.
"कारखान्यात!" कप बशीवर आदळला.
"ये इकडे."
परसदाराच्या चौकटीत, खांद्याइतक्या उंचीवर,
सहा वेळा रंग देऊनही न बुजलेला खिळा.
आई इथे सुतळी अडकवायची.
शाळेतून आलं की आम्ही लाकडी सुया भरायच्या.
बाबा समुद्रावर, जाळं स्वयंपाकघरभर,
पावालासुद्धा डांबराचा वास.

त्याच रात्री मी एक ओळ लिहिली:
'बरीचशी जाळी बायका घरी विणत.'
अकरा मिनिटांत ती गेली.
'रातवा' नावाच्या कुणा गस्तकऱ्याने काढली होती,
कारण नेटकं, नम्र: संदर्भ हवा.
चर्चापानावर मी लिहिलं, शेजारीण सांगते.
उत्तर आलं, शेजारीण हा संदर्भ नव्हे.
चिडले.
मग आठवलं, गेल्या वर्षी
वाईकडच्या कुणाचे तरी मामा
मीच असे खोडले होते,
हेच दोन शब्द लिहून.

तीन शनिवार वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर,
जिथले मिस्टर ऑडलिंग पेन काढून घेतात, पेन्सिल देतात.
चौथ्या शनिवारी एक पातळ पुस्तिका,
बंद पडलेल्या जाळे-कंपनीच्या मजुरीवह्या, छापून काढलेल्या.
पान चौतीस. घरी काम नेणाऱ्या बायका.
रस्ता, घराचा आकडा, नग.
ई. टॉमलिन: आठवड्याला दोन.
एका आठवड्यापुढे नुसती आडवी रेघ.
त्या आठवड्यात डोरीनचा धाकटा भाऊ जन्मला.
हे पुस्तिकेत नाही, डोरीनने सांगितलं.
हे मी कुठेच लिहिलं नाही.

रातव्याने ओळ राहू दिली.
फक्त 'बरीचशी' काढून 'काही' केलं.
बरोबरच होतं त्याचं. किंवा तिचं.

रविवारी लॅपटॉप डोरीनच्या टेबलावर ठेवला.
तिने चष्मा कपाळावर चढवला, नाक पडद्याला लावलं.
"सगळं वरच्या दोरीला टांगलंय की," म्हणाली,
"शहाणी आहे तुझी लिपी."
मग ओळीच्या शेवटी, जरा वर,
त्या बारीकशा १ वर बोट ठेवलं.
"आणि हे?"
आकडा आहे. एक.
तिथे तुमची आई.

बराच वेळ ती बघत राहिली,
ते आत वळलेलं डोकं,
खाली सुटलेलं शेपूट.

"आकडा कसला," ती म्हणाली.
"गाठ आहे.
ओढून घट्ट करायची तेवढी राहिलीय."